कोरडवाहू जिल्ह्यातून ॲडमिरल

बीड जिल्ह्याने राज्याला काय दिले याची यादी इथला कोणीही सहज म्हणून दाखवतो. अंबाजोगाईचे मुकुंदराज आणि दासोपंत, परळीचे वैजनाथ, प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे यांच्यासारखे दिल्लीत वजन असलेले पुढारी, आणि दर हंगामात पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या. अलीकडे स्पर्धा परीक्षांतून निघणारे अधिकारीही या यादीत आले आहेत. नौदलाचा वरिष्ठ अधिकारी मात्र या बोलण्यात कुठे येत नाही, आणि कोणी विषय काढलाच तर उत्तर तयार असते: इथे समुद्र कुठे आहे? बिंदुसरा उन्हाळ्यात आटते, सिंदफणेचे पाणी माजलगावच्या धरणात अडते, मुंबईचा किनारा सुमारे चारशे किलोमीटरवर. अशा कोरडवाहू मुलखातल्या मुलाने जहाजाचे स्वप्न पाहावे कशाला? उत्तर इतके सरळ दिसते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. तपासले तर ते टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. नौदलातली मोठी कारकीर्द वयाच्या दहाव्या ते अठराव्या वर्षांदरम्यान उघडणाऱ्या दोन-तीन दारांपाशी ठरते. बीडला किनारा लांब आहे हे खरे, पण जिल्ह्याला नडते ते या दारांपासूनचे अंतर, आणि ते किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

समुद्राच्या शेजाराने ॲडमिरल घडत असते तर कोकणात त्यांची रांग लागली असती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या मुंबईच्या बोटींवर आणि इंग्रजांच्या आरमारात खलाशी म्हणून काम केले. वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटीची वेळ, खडकांची जागा त्यांना कोणी पुस्तकातून शिकवावी लागली नाही. पण इंग्रजांच्या त्या आरमारात अधिकाऱ्याचा पहिला हुद्दा हिंदी माणसाला मिळाला तो १९२८ साली, डी. एन. मुखर्जी यांना, आणि तोही अभियांत्रिकी शाखेत. त्याआधी कोकणातला नाविक कितीही वाकबगार असला तरी खलाशीच राहिला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईला ‘तलवार’ या केंद्रावर नाविकांचा उठाव झाला तेव्हा तक्रारी निकृष्ट जेवणाच्या आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अपमानास्पद वागणुकीच्या होत्या. त्यामागे हीच जुनी दरी होती. समुद्राने कोकणाला नाविक दिले. अधिकारी घडायचे तर कोणीतरी दार उघडावे लागते, आणि ते १९२७ साली मुंबईच्या बंदरात नांगरलेल्या ‘डफरीन’ या प्रशिक्षण जहाजाने उघडले. ते खरे तर व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवण्यासाठी होते, तरी त्यातून नौदलाला अनेक बिनीची माणसे मिळाली. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख रामदास कटारी हे याच जहाजाच्या पहिल्या तुकडीतले. पुढे जयंत नाडकर्णी आणि मनोहर आवटी हेही तिथलेच. ज्या घरांना ‘डफरीन’ नावाची गोष्ट आहे हे ठाऊक होते आणि तिचा खर्च झेपत होता, त्या घरांतली मुले तिथे गेली. त्या काळात बीड निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचा किनारा अठराव्या शतकातच इंग्रजांच्या हाती गेला होता, वरचे शिक्षण उर्दूत होते, आणि मुंबईच्या बंदरात काय चालले आहे याचा पत्ता आमच्या तालुक्यांना लागण्याचे कारण नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये हे राज्य भारतात आले तेव्हा कटारी नौदलात वरच्या हुद्द्यांकडे निघालेही होते. मराठवाडा इथे एका पिढीने मागे पडला. त्याचे कारण इतिहासाच्या पुस्तकात सापडते, नकाशात शोधण्याची गरज नाही.

ही कारकीर्द चालते कशी हे पाहिले की दार लवकर गाठणे इतके महत्त्वाचे का, ते कळते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि साडेसोळा ते साडेएकोणीस या वयातच देता येते. गेली काही वर्षे एका परीक्षेतून सुमारे ३७० मुले खडकवासल्याला जातात. त्यांत नौदलाच्या जागा ४२. म्हणजे साऱ्या देशातून वर्षाला ८४, आणि त्याशिवाय एळिमलाच्या नौदल अकादमीत बारावीनंतर जाणारे थोडे. तीन वर्षे प्रबोधिनी, मग एळिमला, मग समुद्रावरचे प्रशिक्षण, मग सब लेफ्टनंट. जहाजाच्या ब्रिजवर एकट्याने पहारा सांभाळण्याची पात्रता मिळवायची, मग तोफा व क्षेपणास्त्रे, नौकानयन, पाणबुडीविरोधी युद्ध, संदेशवहन यांपैकी एकात प्रावीण्य घ्यायचे. कमांडरपर्यंतची बढती ठरावीक सेवेनंतर मिळत जाते. कॅप्टनपासून मात्र निवड मंडळाची चाळण लागते, आणि प्रत्येक चाळणीला मागच्या वीस-पंचवीस वर्षांचे गोपनीय अहवाल आणि समुद्रावर जहाज सांभाळल्याचा अनुभव तपासला जातो. जहाजाचे नेतृत्व मिळते ते एक्झिक्युटिव्ह शाखेला, आणि नौदलप्रमुखही त्याच शाखेतून येतो. पुढे रिअर ॲडमिरल, ताफ्याचे नेतृत्व, व्हाइस ॲडमिरल, मुंबई, विशाखापट्टणम किंवा कोचीच्या कमांडचे प्रमुखपद. व्हाइस ॲडमिरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो. नौदलप्रमुख बासष्टाव्या वर्षी किंवा तीन वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा. दिनेशकुमार त्रिपाठी १ जुलै १९८५ रोजी अधिकारी झाले आणि ३० एप्रिल २०२४ रोजी नौदलप्रमुख. मध्ये जवळपास एकोणचाळीस वर्षे. हा हिशेब पुढे नेला तर २०७० च्या आसपासचा नौदलप्रमुख आज देशातल्या कुठल्यातरी शाळेत नववी-दहावीला बसलेला आहे. या शिडीवर दोन-तीन वर्षे उशिरा पाय ठेवणाऱ्याला बुद्धी किंवा हिंमत कमी म्हणून वरची पायरी नाकारली जात नाही. निवृत्तीचे वय आधी येते, एवढेच.

वरच्या पायऱ्यांवर लागणारे गुण कुठल्या प्रकारचे असतात हे भास्कर सदाशिव सोमण यांच्या कारकिर्दीवरून चांगले दिसते, आणि आपल्याकडे त्यांच्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे. सोमण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काळात नौदलात आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा भारतीय ताफ्याचे नेतृत्व रिअर ॲडमिरल सोमण यांच्याकडे होते. अंजदीव बेटावर नाविक उतरले, मुरगावजवळ ‘बेतवा’ आणि ‘बियास’ यांनी ‘अफोंसो द अल्बुकर्क’ हे पोर्तुगीज जहाज निकामी केले. जून १९६२ मध्ये सोमण नौदलप्रमुख झाले. या पदावरचे ते पहिले मराठी अधिकारी. चारच महिन्यांत चीनचे युद्ध झाले आणि देशाचे सारे लक्ष हिमालयाकडे वळले. पुढची काही वर्षे पैसा, माणसे, मंत्र्यांचा वेळ यांवर पहिला हक्क भूदलाचा आणि हवाई दलाचा राहिला. मग १९६५ साल आले. विमानवाहू ‘विक्रांत’ दुरुस्तीसाठी गोदीत होती. सप्टेंबरच्या सात-आठ तारखेच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या. नुकसान नगण्य झाले, नाचक्की मात्र पुरेशी झाली. वरून आदेश असा होता की नौदलाने मुंबईपासून दोनशे मैलांच्या पलीकडे जाऊ नये आणि पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला आक्रमक कारवाई करू नये. सोमण यांनी या आदेशाला हरकत घेतली, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापर्यंत गाऱ्हाणे नेले. आदेश बदलला नाही. त्यांनी तो पाळला. मार्च १९६६ मध्ये ते निवृत्त झाले.

या प्रकरणात सोमण यांना अपयशी ठरवण्याचा मोह अनेकांना झाला. मला तो निवाडा वरवरचा वाटतो. नागरी सरकारचा आदेश न पटता पाळणे हा लोकशाहीतल्या सेनाधिकाऱ्याचा धर्मच आहे, आणि हरकत नोंदवून पाळणे ही त्यातली अवघड रीत आहे. १९६५ ची ही बोच नौदलाच्या मनात राहिली आणि पुढच्या सहा वर्षांच्या तयारीला तिने धार आणली. १९७१ च्या डिसेंबरमध्ये क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर चढवलेले दोन हल्ले त्या तयारीतून निघाले. इथे आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो असा. सोमण यांच्या कारकिर्दीचा सर्वांत कठीण काळ पाण्यावर गेलाच नाही. तो दिल्लीत, फायलींत, बैठकींत, अर्थखात्याशी वाद घालण्यात गेला. नौदलाचे मुख्यालय ज्या शहरात आहे तिथून कुठलाही किनारा बीडपेक्षा कितीतरी लांब आहे. तिथे कामाला येते ते नेमके लिहिणे, आकडे हाताळणे, सत्तेपुढे न बिचकता आणि न उद्धट होता बोलणे. कोळीवाड्यात वाढल्याने हे गुण येतात असे कोणी म्हणणार नाही. चांगल्या शाळेत मात्र त्यांची सुरुवात होऊ शकते.

नाडकर्णी यांची कारकीर्द याच धाग्याने पाहता येते, पण तिच्यावर फार रेंगाळायला नको. ते ‘डफरीन’मधून निघाले, ब्रिटनमध्ये शिकले, नौकानयनात प्रावीण्य घेतले आणि डिसेंबर १९८७ मध्ये प्रमुख झाले. त्यांच्या तीन वर्षांत सोव्हिएत संघाकडून भाड्याने घेतलेली ‘चक्र’ ही अणुशक्तीवरची पाणबुडी आली, श्रीलंकेतल्या शांतिसेनेला समुद्रावरून पाठबळ दिले गेले, आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधला उठाव मोडल्यावर ओलिसांसह पळणारे भाडोत्री सैनिकांचे जहाज ‘गोदावरी’ने गाठले. ज्या नदीचे नाव त्या युद्धनौकेला होते ती बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते, पण या योगायोगाचा आधार मी घेणार नाही.

आवटी यांचे उदाहरण जास्त बोलके आहे, कारण ते प्रमुख झाले नाहीत. १९७१ मध्ये ‘कामोर्टा’ या जहाजाचे कप्तान म्हणून त्यांनी बंगालच्या उपसागरात पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्याची नाकेबंदी केली आणि त्यासाठी त्यांना वीरचक्र मिळाले. पश्चिम कमांडचे प्रमुख म्हणून ते १९८३ मध्ये निवृत्त झाले. सेवेत असतानाच, १९७८ मध्ये, त्यांनी मुंबईत सागरी इतिहासाची संस्था उभी केली होती. निवृत्तीनंतर त्यांनी घर केले ते साताऱ्याच्या फलटणजवळ, विंचुर्णी नावाच्या गावात. फलटण तालुका पर्जन्यछायेतला, कालव्याचे पाणी सोडले तर कोरडा. आष्टी-पाटोद्याच्या माणसाला तिथले माळ परके वाटणार नाहीत. त्या गावात बसून, ऐंशीच्या घरात आल्यावर, या माणसाने हट्ट धरला की भारतीय नौदलाच्या माणसाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीला प्रदक्षिणा घालावी, आणि बोटही इथेच बांधावी. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली, कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यातून जग फिरून आले, अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फिरले, पुढे वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून तीच वाट धरली. आवटी ३ नोव्हेंबर २०१८ रोजी विंचुर्णीतच गेले. समुद्राची ओढ किनाऱ्यावरच टिकते असे मानणाऱ्यांनी फलटणच्या या माळाचा विचार करावा. ती ओढ तरुणपणी एका प्रशिक्षण जहाजावर, काही गुरूंच्या हाताखाली रुजलेली होती. एकदा रुजल्यावर ती विंचुर्णीतही वाळली नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मी संस्कृतीला कमी लेखतो आहे. घरात, गावात समुद्राची चर्चा असणे याला काही किंमत नाही का? आहे. पण ती किंमत कशाची, ते नीट पाहिले पाहिजे. त्रिपाठी हे मध्य प्रदेशातल्या रीवा सैनिक शाळेचे विद्यार्थी. आणि त्यांच्याबरोबरच २०२४ मध्ये भूदलप्रमुख झालेले उपेंद्र द्विवेदी हे त्यांच्याच वर्गातले. रीवाला समुद्र बीडपेक्षाही लांब. त्रिपाठींच्या आधीच्या नौदलप्रमुखांपैकी करमबीर सिंग जालंधरचे. नौदलाचे इंजिनिअर जिथे शिकतात ती ‘शिवाजी’ संस्था लोणावळ्याच्या डोंगरावर आहे, आणि एनडीएतल्या मुलांना शिडाची बोट पहिल्यांदा हाती मिळते ती खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात. नौदलाला मुलगा पोहणारा मिळाला तर हवाच असतो, पण नसेल तर ते त्याला पोहायला शिकवतात. गणित मात्र ते पहिलीपासून शिकवत नाहीत. समुद्रावर जहाजाची जागा ठरवणे हा त्रिकोणमितीचा धंदा आहे. आक्षेपातला खरा भाग एवढाच की ज्या घरात कोणी सैन्याधिकारी असतो त्या घरातल्या मुलाला फॉर्म कधी निघतो, मुलाखतीच्या पाच दिवसांत काय पाहतात, कानाची-डोळ्यांची तपासणी कधी करून घ्यावी, हे सारे जेवताना कळते. तो वारसा माहितीचा आहे, आणि माहिती इतर मार्गांनीही पोहोचवता येते.

दुसरा आक्षेप जिल्ह्यातल्या तरुणांकडून येईल, आणि तो रास्त आहे. बीडमध्ये सैन्याचे वेड नाही असे कोण म्हणतो? पहाटे चारला गेवराई-केजच्या रस्त्यांवर धावणारी मुले पाहा, गल्लोगल्लीच्या भरती अकॅडमी पाहा. खरेच आहे. पण या अकॅडमी ज्या दिशेला तोंड करून उभ्या आहेत ती पोलीस भरतीची आणि जवान भरतीची दिशा आहे. तिथे सोळाशे मीटरची वेळ, गोळाफेक, सामान्य ज्ञानाचे पाठांतर चालते. २०२२ पासून आलेल्या अग्निवीर योजनेत चार वर्षांनी चौघांतला एकच कायम होतो, तरी रांगा आटलेल्या नाहीत. पोटाची गरज काय असते हे त्यावरून दिसते. जवान किंवा नाविक होण्यात काडीचाही कमीपणा नाही. ओडिशातल्या ‘चिल्का’ केंद्रात नाविक म्हणून गेलेल्या हुशार मुलाला पुढे अधिकारी होण्याची वाटही नौदलाने ठेवली आहे. अडचण वर मांडलेल्या हिशेबाची आहे: ती वाट पंचविशीच्या आसपास अधिकारी करते, आणि ध्वजाधिकाऱ्याच्या, म्हणजे रिअर ॲडमिरल व त्यावरच्या, शिडीला वीस-एकविसावे वर्ष लागते. इंजिनिअरिंगनंतर जाणाऱ्यांचे काहीसे असेच. तिथून फार वर जाता येते. व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून १९८६ मध्ये नौदलात गेलेले किरण देशमुख व्हाइस ॲडमिरल होऊन नौदलाच्या सामग्री विभागाचे प्रमुख झाले. पण ताफ्याचे नेतृत्व आणि प्रमुखपद अभियांत्रिकी शाखेसाठी नाही. सोळाशे मीटर धावण्याची जिद्द ज्या मुलांत आहे त्यांना आठवीतच कोणी सांगितले असते की तुझ्यासाठी आणखी एक परीक्षा आहे, तर त्यांतल्या काहींची दिशा वेगळी असती.

मग म्हटले जाते की परीक्षा सर्वांना सारखीच आहे. बुद्धी असेल तो लागेल. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला ३०० गुण आणि सामान्य क्षमतेला ६००, त्यांत इंग्रजीला २००. पुढे एसएसबीला, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीला, ९००. प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत. एसएसबीचे पाच दिवस व्यवहारात इंग्रजीतच जातात. मराठी माध्यमातून बारावी झालेला धारूरचा मुलगा आणि लष्करी छावणीतल्या शाळेत वाढलेला मुलगा यांना ही परीक्षा कागदावरच सारखी आहे. पण मी या तक्रारीवर थांबत नाही, कारण यापेक्षा महत्त्वाची गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. याच साखळीतले सर्वांत पहिले दार मराठीत उघडते. सैनिक शाळांची सहावीची प्रवेश परीक्षा तेरा भाषांत देता येते आणि त्यांत मराठी आहे. नववीची मात्र फक्त इंग्रजीत. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या वयात मुलाला त्याच्या भाषेत एकदा संधी मिळते. ती गेली की भाषेची भिंत उभी राहते आणि प्रत्येक वर्षी वाढत जाते. देशातली पहिली सैनिक शाळा जून १९६१ मध्ये आपल्याच राज्यात साताऱ्याला निघाली. चंद्रपूरची २०१९ मध्ये. या शाळांतल्या ६७ टक्के जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. फी वर्षाला लाखाच्या वर जाते, पण उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती मिळते. दुसरे दार तर मराठवाड्यातच आहे. एनडीएत मराठी मुले कमी पडतात म्हणून राज्य सरकारने १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय, काढली. दहावीनंतर निवडलेल्या मुलांना तिथे अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी सरकारी खर्चाने करून देतात. बीडच्या स्टँडवरून एसटीने तीन-चार तासांत पोहोचता येते. पुण्या-मुंबईचे पालक या संस्थेच्या प्रवेशाचे दिवस मोजत बसतात. शिरूर कासार किंवा वडवणीच्या किती शाळांच्या फलकावर तिची जाहिरात लागते, हा प्रश्न गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारण्यासारखा आहे.

सर्वांत टोकदार आक्षेप शेवटी येतो. ज्या जिल्ह्याला टँकर लागतात, जिथून मजूर बाहेर जातात, त्याने ॲडमिरलची स्वप्ने पाहणे ही चैन नव्हे का? एखादा बीडचा मुलगा व्हाइस ॲडमिरल झाला म्हणून इथल्या विहिरींना पाणी येणार नाही. अगदी खरे. तो आला तरी त्याने जिल्ह्याचे काम करावे अशी अपेक्षाच चुकीची ठरेल. नौदलाचा अधिकारी साऱ्या देशाचा असतो, आणि या बाबतीत आपल्या राजकीय सवयी त्याला लावू नयेत. वर्षाला चौऱ्याऐंशी जागा आणि सातशेहून अधिक जिल्हे असताना, सारे काही नीट केले तरी बीडला एखाद्या वर्षी एक जागा मिळेल, पुष्कळ वर्षे एकही नाही. तेव्हा हा जिल्ह्याच्या विकासाचा कार्यक्रम नाही हे मी मान्य करतो. पण आक्षेप घेणारे एक गृहीत धरतात की या वाटेवर खर्च होणारा पैसा टँकरचा पैसा आहे. इथे लागते ते चांगले गणित, बरे इंग्रजी आणि वेळेवर मिळालेला फॉर्म. या तिन्ही गोष्टी नौदलात न जाणाऱ्या मुलालाही तितक्याच उपयोगी पडतात. एनडीएला न लागलेला मुलगा इंजिनिअरिंगला, बँकेत, एमपीएससीला लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली तेव्हा ती चैन आहे असे कोणी म्हटले नाही, जरी बहुसंख्य लोक तिच्यात रोज बसणार नव्हते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी धारदार होतो. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली हा राज्यातला सर्वांत खालचा आकडा बीडचा होता. त्या वेळी सहा वर्षांच्या आत असलेल्या मुली आज साधारण चौदा ते एकवीस वर्षांच्या आहेत, आणि नेमक्या त्यांच्या हयातीत नौदलाचे दार उघडत गेले. नौदलात महिला अधिकारी तशा १९९२ पासून आहेत, पण कायम कमिशनचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला, एनडीएचे दार २०२१ च्या आदेशाने उघडले, आणि पहिल्या सतरा मुली ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून उत्तीर्ण झाल्या. प्रेरणा देवस्थळी यांना २०२३ च्या अखेरीस ‘त्रिंकाट’ या युद्धनौकेचे नेतृत्व मिळाले. नौदलाच्या जहाजाच्या त्या पहिल्या महिला कप्तान. त्याच वर्षी राज्य सरकारने नाशिकला मुलींसाठी एसपीआय सुरू केली, आणि सैनिक शाळाही त्याआधी दोन वर्षे मुलींना घेऊ लागल्या होत्या. नियमांच्या बाजूने पाहिले तर बीडच्या पाचवीतल्या मुलीसमोर आज कुठलीच भिंत नाही.

वेळापत्रकाच्या बाजूने पाहिले तर आहे. सैनिक शाळेच्या सहावीच्या परीक्षेचे फॉर्म गेल्या काही वर्षांत ऑक्टोबर ते जानेवारी यांच्या दरम्यानच भरले गेले आहेत, ऑनलाइन, जन्मदाखला, रहिवासी दाखला आणि जातीचा दाखला जोडून. साखर कारखाने पेटतात तेही याच दिवसांत. मुकादमाची उचल घेतलेले आई-बाप दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरवर बिऱ्हाड बांधून निघतात. पाचवीतली मुलगी एकतर त्यांच्याबरोबर फडावर जाते, धाकट्याला सांभाळायला, किंवा आजीजवळ नाहीतर गावातल्या हंगामी वसतिगृहात मागे राहते. दाखले पेटीत, पेटी कोप्यावर, सही करणारा बाप कोल्हापूर किंवा बेळगावकडे. त्यामुळे फॉर्म भरायचा तर तो जूनमध्ये शाळा उघडल्याबरोबर दाखले गोळा करून ठेवलेल्या मुख्याध्यापकालाच भरता येईल, आणि मुलीला परीक्षेच्या केंद्रावर न्यायचे तर वसतिगृहाच्या खर्चात एका दिवसाच्या एसटीच्या तिकिटाची तरतूद आधीपासून असावी लागेल.